सोंड कुठाय?

पेणमध्ये मला 'बोबड्या बाई' म्हणतात. मी स्वतः बोबडी नाही. उलट गरजेपेक्षा जास्त आणि फार स्पष्ट बोलते, असं माझ्या नवऱ्याचं ठाम मत आहे. पण ज्यांची मुलं बोलत नाहीत, उशिरा बोलतात, अडखळतात, ती सगळी माणसं माझ्याकडे यायची, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. एसटी स्टँडजवळ औषधांच्या एका दुकानाच्या माडीवर माझ्या दोन खोल्या होत्या. दर बुधवारी मी रोह्याला जायची. तिथे लहान मुलांच्या एका डॉक्टरांनी आपल्या दवाखान्याची मागची खोली मला वापरायला दिली होती. गेल्या वर्षी मी दोन्हीकडच्या पाट्या उतरवल्या. आता घरी बसून भाजी निवडते आणि नवऱ्याचं मत खरं करून दाखवते.

या कामात कशी कशी माणसं भेटली ते सांगायला बसले तर अंक पुरायचा नाही. रोह्याला एक गृहस्थ पिंजरा घेऊन आले होते. आत पोपट. "आधी दिवसभर बडबडायचा, बायको माहेरी गेल्यापासून गप्प झालाय," म्हणाले. मी म्हटलं, "मग औषध तुम्हाला माहीतच आहे. तिला घेऊन या." ते फणकाऱ्याने निघून गेले. पुढच्या बुधवारी दोघं जोडीने आली, पोपटाची खुशाली सांगायला. एवढा झटपट गुण माझ्या हाताला पुन्हा कधी आला नाही.

लोकांना वाटतं, ही बाई मुलांना बोलायला शिकवते. खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वेळ मी मुलांच्या तोंडाकडे बघतच नसे. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत असे. शब्द तोंडात यायच्या कितीतरी आधी डोळ्यांत आलेला असतो, आणि तो तिथे आहे की नाही हे शोधणं हे आमचं पहिलं काम.

ते कसं करायचं ते सांगते, अवघड नाही. चटईवर दोन वस्तू ठेवायच्या. समजा, एक वाटी आणि एक चप्पल. मूल आईच्या मांडीवर. आईला डोळे मिटायला सांगायचं, कारण आया नजरेने उत्तरं पुरवतात. मग आपण साध्या आवाजात विचारायचं, "वाटी कुठाय?" दीड-दोन वर्षांचं पोर बोट दाखवेलच असं नाही, पण नजर जाते. शब्द घट्ट ओळखीचा असेल तर माझं 'वाटी' पुरं म्हणून व्हायच्या आत जाते. नुसता कानावरून गेलेला असेल तर नजर आधी चपलेवर, मग वाटीवर, मग पंख्यावर, पुन्हा वाटीवर अशी फिरून येते. आणि अजिबात ठाऊक नसेल तर मूल माझ्याच तोंडाकडे बघत राहतं, ही बाई आता पुढे काय करणार म्हणून. ज्या मुलाजवळ शब्द जास्त, त्याची नजर लवकर पोचते. ती लवकर पोचली की पुढचं बोलणं ऐकायला त्याला सवड मिळते, आणि त्यातून आणखी शब्द हाती लागतात. ज्याची नजर वाटी शोधण्यातच अडकते, त्याच्या कानावरून बाकीचं वाक्य निघून जातं.

दुसरी गोष्ट अशी की शब्द मुलाकडे एकटा येत नाही, भावंडांसकट येतो. ज्या पोराला गाय, बैल, म्हैस कळते त्याला 'रेडकू' एकदा-दोनदा ऐकून कळतं, कारण शिंगं, शेपूट, हंबरणं हे सगळं त्याच्या आधीच ओळखीचं झालेलं असतं. त्याच पोराला 'कढई' शिकवायला आठवडा जाईल. मुलाचं लक्ष जिथे रमतं तिथे शब्द दाटीने जमतात, आणि जमले की त्याचं लक्ष तिथे आणखी खिळतं. म्हणून मूल आलं की मी आधी विचारायची, हे घरी कशाकडे बघत बसतं? बहुतेक घरांत याचं उत्तर कोणालाच माहीत नसे. तो काय खातो, कधी झोपतो, किती रडतो हे सगळ्यांना पाठ. कशाकडे बघतो? "इकडेतिकडे बघतो."

रोह्याच्या एका कंपनीतले साहेब आपल्या मुलाला घेऊन आले, तेव्हा त्यांनी मोबाइल काढून त्याची परीक्षाच घेतली. पोराने जिराफ, पेंग्विन, ऑक्टोपस असं इंग्रजीत धडाधड म्हणून दाखवलं. साहेब खूश. थोड्या वेळाने त्याच पोराला तहान लागली, तर ते माठासमोर उभं राहून भोकाड पसरून रडायला लागलं. पाणी हा शब्द त्याला कोणी दिलाच नव्हता. मोबाइल शब्द म्हणतो खरा, पण मूल कुठे बघतंय ते त्याला दिसत नाही. मी साहेबांना म्हटलं, "ऑक्टोपसने रोह्यात कोणाचं अडत नाही हो, पाण्याने अडतं." ते माझ्यावर नाराज झाले, पण येत राहिले आणि मुलगा बोलायलाही लागला.

सगळेच असे वेळेवर आले नाहीत. खाडीकाठचा, मिठागरात राबणाऱ्या आईबापांचा एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा शाळेत जायच्या वयाचा झाला होता. त्याला ऐकूच येत नव्हतं. "होईल हळूहळू, याचा बापपण उशिरा बोलला," असं म्हणत घरच्यांनी वर्षं घालवली होती. त्याच्यासाठी जमलं तेवढं केलं, पण जे आधी झालं असतं ते राहून गेलं. त्या मुलाचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून 'होईल हळूहळू' हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. आधी कान तपासा, मग काय ते हळूहळू होऊ दे.

रिद्धीच्या घरच्यांनी निदान ते केलेलं होतं.

ती माझ्याकडे आली ती रोह्याला, एका बुधवारी. गणपतीला दोन-अडीच महिने होते. बरोबर तिची आई रेश्मा आणि रेश्माची आई. रेश्माचं माहेर रोह्याजवळच्या निडीचं, सासर पेणला रामवाडीत. नवरा सचिन डोलवीच्या कंपनीत कंत्राटी कामावर, शिफ्टमध्ये. सासऱ्यांचा गणपतींचा छोटा कारखाना. रिद्धी अडीच वर्षांची, आणि तोंडातून एक शब्द नाही. 'आई'सुद्धा नाही. पनवेलला नेऊन कान तपासून आणले होते, कान ठणठणीत.

"मॅडम, हिचं काय ते आजच सांगा," रेश्मा बसायच्या आधीच म्हणाली. "सासऱ्यांनी ब्रश ठेवलाय."

मला काही उलगडा होईना. ब्रश ठेवला म्हणजे काय?

मग तिने सांगितलं. पेणबाहेरच्या वाचकांसाठी थोडं मीच सांगते. मूर्ती साच्यातून निघते, सुकते, घासली जाते, अंगाला रंग चढतात. ही कामं पुष्कळ हात करतात. सगळ्यात शेवटी डोळे. त्याला आखणी म्हणतात, आणि आखणीचा हात कारखान्यात एखाद्याचाच असतो. पापणीची रेघ एकदा ओढली की ओढली. हात जरा हलला तर देव रागावलेला दिसतो, नाहीतर पेंगुळलेला. म्हणून रेश्माचे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणत, आखणीला बसले की कारखान्यात रेडिओ बंद, मोबाइल बंद, बोलणं बंद. पंखासुद्धा बंद. रिद्धी बसायला लागल्यापासून त्यांच्या शेजारी बसायची. "काय गुणी पोर आहे, आवाज म्हणून नाही," असं येणारे-जाणारे कौतुक करायचे. पोर दोन वर्षांची झाली तसं कौतुक थांबलं आणि कुजबुज सुरू झाली. मग एक दिवस मूर्ती ठरवायला आलेला कोणी माणूस सहज बोलून गेला, "आबा, तुम्ही देवाचे डोळे उघडता, पण नातीचं तोंड मिटवून ठेवलंत की."

आबांनी हातातला आखणीचा ब्रश धुतला, पुसला आणि देवापुढे नेऊन ठेवला. पोर बोलल्याशिवाय डोळ्यांना हात लावणार नाही, म्हणाले.

"आता शेड भरलीय मॅडम, सगळे बिनडोळ्यांचे," रेश्मा सांगत होती. "मुंबईचा टेम्पो येनार, तो काय तसेच नेनार हाय? सासूबाय मला बोलतात, तू पोरीशी बोलत नाय म्हणून अशी झाली. नवरा शिफ्टवरून येतो तो झोपतो. मग मी आले निघून निडीला. खरं सांगू? गणपती जातील नायतर ऱ्हातील. माझी पोर बोलेल का नाय, एवढंच सांगा."

"रडू नको गो," तिची आई म्हणाली आणि स्वतःच डोळे पुसायला लागली.

मी चटई पसरली. बॉल, बाहुली, गाडी, कुत्रा. "बॉल कुठाय?" रिद्धी भिंतीचा पोपडा बघत होती. "बाहुली कुठाय?" पोपडा. मी गाडी फिरवली, कुत्र्याला भुंकायला लावलं, स्वतः भुंकले. पोर ढुंकून बघेना. हाक मारली तरी माझ्याकडे वळेना. वस्तूचं नाव घेतल्यावर न बघणारं आणि आपल्याकडेही न वळणारं मूल स्वमग्न असू शकतं, आणि मग वाट निराळी असते, लांबची असते. त्या वाटेने मी पुष्कळ मुलांबरोबर चालले आहे, त्यात लाज कसलीच नाही, पण ते आईला सांगावं लागतं. कसं सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करायला लागले होते.

तेवढ्यात रिद्धीने माझ्या खेळण्यांच्या टोपलीत हात घालून तळाचा लाकडी हत्ती काढला. तो तिने स्टुलावर ठेवला. खिडकीच्या उजेडाकडे तोंड येईल असा फिरवला. मग मागे सरकली, मान तिरकी केली, एक डोळा मिटला आणि दुसऱ्या डोळ्याने हत्तीला नीट न्याहाळलं. आणि मग वळून माझ्याकडे बघितलं. तुम्हीपण बघताय ना, अशा नजरेने.

त्या वळून बघण्यासाठी आम्ही या धंद्यातली माणसं जीव टाकतो. मी जे बघतोय ते तूही बघ, असं ज्या मुलाला वाटतं, त्याच्याशी बोलण्याचा धागा जुळलेला असतो.

मी सावकाश विचारलं, "सोंड कुठाय?"

माझं 'कुठाय' तोंडातच राहिलं. तिचं बोट सोंडेवर होतं. कान? लगेच. पोट? लगेच. दात? तिने एका दातावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर नेलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. दुसरा दात अख्खा कसा? तिच्या घरच्या सगळ्या मूर्तींचा तो मोडलेला असतो. तिने मला तो अख्खा दात दाखवला, अगदी तक्रारीच्या सुरात, फक्त सूर तोंडाबाहेर आला नाही.

मी मोठ्याने हसले. रेश्मा घाबरली. "मॅडम, हसताय काय?"

"तुझ्या मुलीला शब्द कळतात. भरपूर कळतात. फक्त माझ्या चटईवरचे नाहीत, तुमच्या कारखान्यातले."

"पन बोलत नाय ना?"

तेही खरंच होतं. मी म्हटलं, "बोलेल असं मला वाटतं. कधी ते सांगता येणार नाही, आणि जो कोणी तारीख सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नको. पण आधी तू परत सासरी जा. मला तिचं घर बघायचंय."

तिकडे गेले तेव्हा आधी मूर्तींनीच बिचकायला झालं. ओळीने मांडलेले रंगीत गणपती, मुकुट, शेला सगळं जागच्या जागी, आणि डोळ्यांच्या जागा कोऱ्या. एवढ्या सगळ्यांत माझ्याकडे बघणारं कोणी नाही. आबा सडपातळ, नखांत रंग मुरलेला, बोलणं अगदी मोजकं. "मॅडम, मीच पोरीला गप बसवली," एवढं एकच वाक्य त्यांनी मला पाहिल्याबरोबर म्हटलं आणि मुकुटाला सोनेरी लावायला बसले.

मी कोपऱ्यात बसून ऐकत राहिले. कारखान्यात बोलणं नव्हतं असं नाही. "पितांबराला अजून एक हात दे." "त्या कड्याला सोनेरी राहिलंय." "शेला कोरडा झाला का बघ." पण हे सगळं कामकऱ्यांचं आपसात. रिद्धीच्या वाट्याला आलेलं बोलणं निराळं होतं. "हात नको लावू." "ओलं हाय." "सरक." आणि मधूनच कोणीतरी काम थांबवून तिला धरायचं. "बोल, बाप्पा बोल. बोल ना. आई बोल." मग ती तोंड फिरवायची. घरात चोवीस तास परीक्षा सुरू असेल तर कोण तोंड उघडेल?

"आबा," मी म्हटलं, "तिला विचारा, पितांबर कुठाय."

"तिला काय कळतंय ते?"

"विचारा तरी."

आबांनी बसल्या जागेवरून विचारलं. रिद्धी उठली, ओळीतून वाट काढत गेली आणि एका मूर्तीच्या पिवळ्या पितांबरापाशी बोट नेऊन थांबली. टेकवलं नाही. बोट आणि रंग यांच्यामध्ये केसभर अंतर ठेवून तशीच उभी राहिली.

"ओलं हाय ते," आबा हळूच म्हणाले. "तिला ठावं हाय, ते ओलं हाय." आणि त्यांनी सोनेरी रंगाची वाटी बाजूला सारली. त्यांची बायको काहीतरी बोलायला लागली तर तिला म्हणाले, "गप गो. मॅडम काय सांगतात ते ऐकू दे."

मी सांगितलं ते एवढंच. 'बोल बोल' म्हणणं आजपासून बंद. ती कुठे बघतेय ते बघा आणि ती बघत असेल तेव्हाच त्याचं नाव घ्या. घेतलं की थोडं थांबा. आणि तिला येतं तिथूनच पुढे जा. उंदीर कळतो ना, मग मांजर दाखवा. मोदक कळतो, मग भाकरी दाखवा. गणपतीचा कान कळतो, मग आजीचा कान धरू दे. बॉल आणि बाहुली राहू देत माझ्या चटईवर.

"आणि ब्रश हातात घ्या," मी म्हटलं.

"ते नाय," आबा म्हणाले. "देवाला शब्द दिलाय."

पुढे काय झालं ते मला रेश्माकडून कळत गेलं. जन्मभर गप्प असलेला माणूस एकदम बोलका झाला. नात जिथे बघेल तिथे आबा. "ही चिमणी. उडाली बघ. हा कप. गरम हाय. ही तुझी आजी. रागावलीय." आजी खरंच रागावलेली. "लगीन झाल्यापास्ना माझ्याशी बोलला नाय एवढा हिच्याशी बोलतो," असं तिने मला पेणच्या बाजारात गाठून सांगितलं, पण हसत सांगितलं. दर खेपेला रिद्धी माझ्याकडे आली की तिची नजर आधीपेक्षा चपळ झालेली असे. कप, चिमणी, मांजर, चमचा, सगळीकडे सरळ जायची. एके दिवशी बाहुलीकडेसुद्धा गेली.

पण तोंड मिटलेलंच. मी रेश्माला धीर देत होते, आणि घरी येऊन नवऱ्यावर चिडचिड करत होते. माझं चुकत तर नाही ना? कळतं खूप पण बोलता येत नाही अशीही मुलं असतात, त्यांना वेगळी मदत लागते. रेश्मा आता काही विचारत नसे. नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसे, आणि ते मला जास्त जड जाई.

मग एका सकाळी सचिनचा फोन आला. "मॅडम, तुमी आबांना सांगा. टेम्पो यायचाय, लोकांचे फोनवर फोन येतायत. आमचं कोनाचं ऐकत नायत ते."

मी गेले. बाहेर पावसाने वाटेवर चिकचिकाट झालेला, आत मूर्तींपुढे दिवे लावून रंग सुकवायचं चाललेलं. आबा मान खाली घालून शेल्याची किनार रंगवत होते. सचिन, रेश्मा, आजी, सगळी माझ्याकडे बघत उभी. आणि रिद्धी कुठेच दिसेना.

"ती काय, तिथं," आजी म्हणाली. खिडकीपाशी आबांची आखणीची जागा होती, एक बैठं स्टूल आणि त्यासमोर फिरता पाट. दोन्ही रिकामे. त्याच्या शेजारी आपला छोटा पाट ओढून रिद्धी बसली होती आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. "रोज बसते तिथं. कशाला बसते कोन जाने."

मला रोह्याचा हत्ती आठवला. मागे सरकणं, तिरकी मान, मिटलेला एक डोळा. ते तिने दुसरं कोणाचं बघितलेलं असणार?

"आबा," मी म्हटलं, "ही सगळ्यात जास्त वेळ कशाकडे बघत बसायची?"

आबांनी वर पाहिलं.

"तुमच्या हाताकडे. आखणी चालली की हलायची नाही, रेश्मानेच सांगितलं मला. मुलाचं लक्ष जिथे इतकं लागतं तिथेच शब्द धरतात, हे मी तुम्हाला सांगितलं. आणि तिचं लक्ष सगळ्यात जास्त जिथे लागतं, ते तुम्ही तिच्यासमोरून उचलून देवापुढे ठेवलंत. ती रोज येऊन वाट बघतेय."

आबांनी त्या रिकाम्या स्टुलाकडे बघितलं. मग म्हणाले, "नि देवाला दिलेला शब्द?"

"देवाला सांगा, बोबड्या बाईने मोडायला लावला. काय रागवायचं ते माझ्यावर रागवू दे."

सचिन हसला. आबा हसले नाहीत. उठले, हात धुतले, आत गेले आणि ब्रश घेऊन आले. फिरत्या पाटावर एक मूर्ती चढवली. कोणीतरी न सांगता पंखा बंद केला. रिद्धीने आपला पाट आणखी पुढे ओढला. इतकी पुढे गेली की तिचं डोकं आबांच्या कोपराला लागेल असं वाटलं, पण लागलं नाही. कुठे बसायचं ते तिला नेमकं माहीत होतं. आबांनी ब्रशचं टोक बोटावर फिरवून बारीक केलं, श्वास आत घेतला आणि पापणीची रेघ सुरू केली.

आता इतकी वर्षं हाच धंदा केलेली मी. पोराचं लक्ष एवढं एकवटलेलं, आणि त्या क्षणी नाव घेणारं कोणी नाही. मला राहवेना. मी वाकून तिच्या कानाशी माझ्या दवाखान्यातल्या गोड आवाजात सुरू केलं, "रिद्धी, बघ, आबा काय करतायत? डोळा काढतायत. हा डोळा. काळी काळी रेघ..."

रिद्धीने मान वळवली. कपाळाला तीच आठी, अख्खा दात बघितल्यावर पडली होती ती. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि मला म्हणाली,

"गप गो!"

मी गप्प झाले. माझ्या मनात फक्त एवढंच फिरत होतं, दोन शब्द, जोडून दोन शब्द, तेही जिथे पाहिजेत तिथे, ज्याला पाहिजेत त्याला. माझ्या छातीवरचा कितीतरी दिवसांचा दगड उतरला आणि मी तिथेच, रंग सांडलेल्या जमिनीवर बसले. रेश्मा भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबून हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नसावं. "आई नाय म्हनाली तरी चालेल," ती कशीबशी पुटपुटली. "गप म्हनाली, पुरे झालं."

आबांचा ब्रश अर्ध्या पापणीवर थांबला होता. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. थांबलेली रेघ त्यांनी होती तशी पुढे नेली, शेवटपर्यंत, जराही न हलवता. मग ब्रश उचलला, आणि तेव्हा मला दिसलं की त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. हाताला रंग होता म्हणून पुसता येत नव्हतं. रिद्धी मागे सरकून, एक डोळा मिटून त्यांची रेघ तपासत होती.

"ऐकलंत ना मॅडम?" आबा म्हणाले. "आता गप बसा. अजून दुसरा डोळा काढायचाय."